बेटावरची काकडी

सूड घेऊन माणसाला समाधान मिळत नाही, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यांनी तो कधी नीट घेतलेला नसावा. मला मिळालं. आता साठी उलटली आहे, आरोग्यसेविका म्हणून डोंगरपाड्यांवर पायपीट करून गुडघे गेले, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. पण काळ्या कातळावर हातात चपला धरून उभ्या राहिलेल्या रेक्टरबाई डोळ्यांपुढे आल्या की अजून मला अर्धी भाकर जास्त जाते. माझी सून म्हणते, "आई, बाकीचं सगळं लिहा, तेवढं एक लिहू नका. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये." मी म्हटलं, त्या होत्या तेव्हा बोलायची सोय नव्हती गं बाई, मग बोलायचं तरी कधी? त्या दिवशी माझ्या चहात साखर कमी पडली.

आधी ते बेट सांगते. दाभोशाचा धबधबा पाहायला हल्ली सगळं जग येतं. धबधब्याच्या थोडं खाली नदी फुटून तिच्या दोन धारा होतात आणि मधे एक काळा कातळ उरतो, भात झोडायची चार-पाच खळी मावतील एवढा. त्यावर थोडी कारवी, एक वाकडं उंबर आणि उंबराखाली वाघदेव. उभा दगड, त्यावर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेले, वरून शेंदूर. आम्ही त्याला नुसतं बेट म्हणायचो. माझा भाचा मोबाइलवर त्याची जाहिरात करतो, 'व्होल्कॅनिक आयलंड ट्रेक, गावठी जेवणासह'. शनिवार-रविवारी जीपा भरून मुंबई-ठाण्याची माणसं येतात, नारिंगी जाकिटं घालून दोराला धरत पलीकडे जातात, वाघदेवाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. मी भाच्याला विचारलं, यात व्होल्कॅनिक काय रे? तर म्हणतो, "मावशी, लोकांना असाच सांगावा लागते." त्याला ठाऊक नाही की ज्वालामुखी हा शब्द त्या कातळावर पहिल्यांदा आणला तो रेक्टरबाईंच्या भावानं, आणि तो आणला त्या दिवशी त्यांचे डबे माझ्या डोक्यावर होते.

आमचं घर बेटाच्या वरच्या पाड्यावर. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या, आत कणग्या, आणि चुलीच्या वर धुरात टांगलेले सुके बोंबील. पहाटे आईचं जातं सुरू व्हायचं. नागली दळताना त्याचा आवाज जड येतो, तांदूळ दळताना हलका. अंथरुणात पडल्या पडल्या आज भाकर कशाची ते मला कळायचं. तिच्याबरोबर कुळथाचं कळण किंवा खुरासणीची चटणी, आणि बाबांच्या हाताला लागल्या तर नदीतल्या चिंबोऱ्या. घर चालायचं थोरल्या काकांच्या शब्दावर. ते बाबांचे मोठे भाऊ, आणि देवाचं सगळं त्यांच्याकडे. बाबा त्यांच्यापुढे बोलत नसत. आई तर नाहीच; तिचं जे काय म्हणणं असेल ते ती जात्याला सांगायची.

आमच्यात नवं एकदम तोंडात घालत नाहीत. भादव्यात काकडीचे वेल लगडतात, कुडावर, छपरावर, जिकडे पाहाल तिकडे काकड्या लोंबतात. पण दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला काकांनी वाघदेवापुढे पहिली काकडी ठेवल्याशिवाय पाड्यावर कुणी तिला दात लावत नाही. वाघदेव गुरं राखतो, त्याच्या आधी आपण खायचं नाही, एवढाच हिशेब. लहान पोरं वेलाखालून जाताना हात मागे बांधून जायची. एकदा देवाचं झालं की मग काकडी किसून तांदळाच्या पिठात मळायची, चाईच्या रानवेलाच्या पानात गुंडाळून उकडायची, आणि त्या संध्याकाळी सगळ्या पाड्यावर एकच वास. त्याच दिवशी नव्या भाताचं जेवण. जेवणाआधी काका दारात उभे राहायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "तोंड कोरा हाय का?" आपण म्हणायचं, "कोरा हाय," आणि आत जाऊन ओळीत बसायचं. या प्रश्नाला खोटं उत्तर देता येतं हे आम्हा पोरांना कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

मी जव्हारला मुलींच्या वसतिगृहात राहून हायस्कुलात जात होते. तिथल्या रेक्टरबाई शहराकडून आलेल्या. बाई वाईट होत्या असं म्हणणार नाही, त्यांनी आमच्या डोक्यातल्या उवा काढल्या, खरजेला मलम लावलं, इंग्रजीचे धडे घोकून घेतले. पण त्यांच्या आवाजाला दार नव्हतं. मेसमध्ये त्या बोलायला लागल्या की बाहेरच्या आंब्यावरचे कावळे उडायचे. कुणाचं काय चुकलं ते त्या एकटीला कधी सांगत नसत, सगळ्या ताटांसमोर सांगायच्या. आणि त्यांचा स्वतःचा एक नेम होता. चातुर्मासात त्या कांदा, लसूण, वांगं खात नसत. आपल्या खोलीत स्टोव्हवर वेगळं शिजवायच्या. त्यांच्या पातेल्याला मेसचा डाव चुकून लागला तर ते पातेलं चिंचेनं घासायला लावायच्या, आणि घासायला बहुतेक मीच असे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांचा देव आणि त्यांची वांगी.

भादव्यातल्या एका दिवशी मेसमध्ये काकडीची कोशिंबीर आली. आम्ही डोंगरावरच्या दोघी-तिघींनी ती ताटाच्या कडेला सारली. बाई वाढप बघत फिरत होत्या, त्या माझ्या ताटापाशी थांबल्या.

"जानकी, हे काय?"

"बाई, बारस झाली नाय अजून."

"कसली बारस?"

मी सांगितलं. उभी राहून, नीट सांगितलं. मला वाटलं, चातुर्मास पाळणाऱ्या बाईला हे सांगायलासुद्धा लागू नये. बाईंनी सगळ्या मेसकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज सुटला, "ऐका गं मुलींनो, ही काकडी खाल्ली तर हिला वाघ खाणार! मी इथं असताना असली अंधश्रद्धा चालणार नाही." मग त्यांनी डाव्या हातानं माझं नाक दाबलं. श्वासासाठी तोंड उघडलं तशी उजव्या हातानं कोशिंबीर आत कोंबली आणि हनुवटी वर करून धरली. "गिळ. गिळ म्हणते ना." गिळली. दाण्याचं कूट घशाला लागून ठसका आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि बाई म्हणाल्या, "बघा, मेली का? आला का वाघ?" मेस हसली. मोखाड्याकडची यमी माझ्या शेजारी बसायची, तिच्या गावात हा नेम नव्हता, तरी ती एकटी हसली नाही. ते डोळ्यांतलं पाणी रडण्याचं नव्हतं, हे मी आज लिहून ठेवते. मला तेव्हा त्या हाताला कडकडून चावावंसं वाटलं होतं, आणि चावले नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

वाघबारशीला घरी गेले. भादव्यातच आमचा कवऱ्या बैल कड्यावरून घसरून मेला होता, ते मला घरी गेल्यावर कळलं. गोठ्यात त्याची जागा रिकामी होती आणि आई तिथं अजून झाडत होती. संध्याकाळी काका दारात उभे राहिले. माझ्या पुढच्या सगळ्यांनी "कोरा हाय" म्हटलं आणि आत गेले. माझी पाळी आली.

"तोंड कोरा हाय का?"

"नाय," मी म्हटलं.

चुलीपाशी आईच्या हातातली पळी थांबली. काकांनी सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, मी खाल्ली नाही, मला खाववली. काका म्हणाले, "पोटात गेली ना?" मी म्हटलं, गेली. त्यांनी गोठ्यातल्या कवऱ्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग त्यांनी निवाडा केला. "जिनं खाववला, तिनंच सोताच्या हातानं देवाला काकडी ठेवायची. अन् सांगायचा, माझ्या हातनं झाला. तवर हिची हांडी येगळी."

हांडी वेगळी म्हणजे काय ते ज्याची झाली त्यालाच कळतं. कुणी मारत नाही, कुणी ओरडत नाही. आईनं एक जुनी हांडी घासून ओटीच्या कोपऱ्यात ठेवली आणि त्यात गेल्या सालची नागली शिजवली. आत सगळे नव्या भाताला बसले, चाईच्या पानांचा वास सगळ्या घरात दाटला, आणि मी ओटीवर पाय पोटाशी घेऊन जुनी आंबील प्याले. हांडी वेगळी असलेल्या पोरीला नव्याला बसता येत नाही, लग्नाच्या मांडवातल्या पंगतीत बसता येत नाही, घरात कुणी गेलं तर त्याच्या दिवसाच्या जेवणालासुद्धा नाही. ती घरात असते आणि घरची नसते. माझा धाकटा भाऊ पानात गुंडाळलेला एक तुकडा लपवून घेऊन आला होता. मी त्याला हाकलून दिलं, कारण त्याचंही तोंड गेलं असतं.

सुट्टी संपल्यावर मी पहिल्यांदा सरळ मार्गानं गेले, हे कुणी विसरू नये. बाईंच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, बाई, आमच्या देवापुढे एक काकडी ठेवायला याल का, मला घरी जेवायला बसू देत नाहीत. बाई आधी हसल्या. मग ती गोष्ट त्यांनी शाळेच्या बाईंना सांगितली, मग मेसमध्ये सांगितली, आणि त्या दिवसापासून माझं नाव पडलं 'काकडीबाई'. हजेरीलासुद्धा काकडीबाई. मुली हजेरीला हसायच्या, मी 'हजर' म्हणायचे. यमी म्हणाली, "तिच्या पिठल्यात कांदा किसून घालू, तिला कळणारपण नाय." मी नको म्हटलं. बाईंच्या देवाशी माझं भांडण नव्हतं, आणि त्यांना न कळता घेतलेला सूड मला पुरला नसता. मला त्यांचं तोंड बाटवायचं नव्हतं, त्यांच्या हातून माझं कोरं करून घ्यायचं होतं. ते कसं, हे मात्र सुचत नव्हतं.

ते आपल्या पायांनी चालून आलं. बाईंचे भाऊ कॉलेजात भूगोल शिकवायचे, ते बहिणीकडे आले आणि त्यांना धबधबा आणि त्याखालचे कातळ बघायचे होते. बाईंनी जीप ठरवली, डबे उचलायला चार मुली घेतल्या, आणि वाट माहीत असलेली म्हणून त्यांत मला घेतलं. "काकडीबाई, तुझाच मुलूख आहे ना तो? मग चल." मी चटकन 'हो बाई' म्हटलं. इतकं चटकन की यमीनं माझ्याकडे वळून पाहिलं.

जीप दाभोशाला थांबली. ज्या घरी आम्ही पाणी प्यालो त्याच्या छपरावर वाळलेल्या वेलाला शेवटच्या दोन काकड्या होत्या, पिकून पिवळ्या झालेल्या. मी हळूच घरातल्या बाईला म्हटलं, "मावशे, एक देशील?" तिनं विचारलं, "कोणाला?" मी म्हटलं, "देवाला." तिनं पुढे काही विचारलं नाही, काठीनं पाडून माझ्या ओढणीत घातली. ती मी डब्यांच्या पिशवीत तळाशी ठेवली.

तो दिवस सुंदर होता हे कबूल करायला हवं. भात कापून झालेला, माळ पिवळा पडलेला, कुठल्या कुठल्या खळ्यावरून झोडणीचा धप धप आवाज येत होता. सर टोपी घालून, गळ्यात कॅमेरा आणि हातात छोटी हातोडी घेऊन पुढे. ते चांगले होते. बाईंचे भाऊ म्हणून सांगायला जीभ रेटत नाही, पण होते. प्रत्येक कड्यापाशी थांबायचे आणि सांगायचे, हे सगळे डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा आहे. थरावर थर साचलेत, भाकरीची चवड रचावी तसे. एका दगडातलं भोक दाखवून त्यांनी आत पाहायला लावलं, तर आत मिठाच्या खड्यांसारखे पांढरे स्फटिक चमकत होते. जन्मभर मी त्या दगडांवर गुरं वळली होती, पण आत वाकून कधी पाहिलं नव्हतं. यमीनं विचारलं, "सर, मग ती आग कठं गेली?" सर म्हणाले, "विझली गं. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी विझली." यमी माझ्याकडे बघून म्हणाली, "सगळी नाय." सरांना ते कळलं नाही, तरी ते हसले.

धबधब्यापाशी तुषार अंगावर घेत बसलो. काळ्या कड्यावरून पाणी पडत होतं आणि त्याचा आवाज छातीत घुमत होता, शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागत होतं. डबे उघडले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, सरांसाठी मुद्दाम केलेला शिरा. बाईंनी माझ्या हातावर दोन पुऱ्या ठेवल्या आणि भावाला ऐकू जावं म्हणून ओरडल्या, "काकडीबाई, कोशिंबीर देऊ का गं?" आणि मग सरांना सगळी गोष्ट सांगितली, नाक दाबलं ते, वाघ आला नाही ते. सर हसले नाहीत. म्हणाले, "अगं, कशाला पण?" बाईंनी हात झटकला. मला अजून वाटतं, त्या क्षणी त्या गप्प बसल्या असत्या तर मी ती काकडी पिशवीतून बाहेर काढली नसती.

खाली उतरून बेटापाशी आलो. धारेत उतरत्या ओळीनं दगड आहेत, पण मधे दोन दगडांमध्ये एक फट आहे, तिथं लांब टांग टाकावी लागते आणि खाली डोह काळा दिसतो. हल्ली तिथं दोर आहे. तेव्हा दोर म्हणजे मी. मी मधल्या दगडावर उभी राहून एकेकाला हात देत होते. मुली टुणकन गेल्या, सर गेले, बाई मात्र माझा हात दोन्ही हातांनी धरून उभ्या. "सोडू नकोस हं, जानकी," त्या म्हणाल्या. कित्येक आठवड्यांनी त्यांना माझं नाव आठवलं होतं.

बेटावर सरांनी रांजणखळग्यांत हात घालून पाहिलं, कातळाला हातोडी लावून पाहिली, म्हणाले, हे तर ज्वालामुखीचं बेट! वाघदेवापाशी आल्यावर मात्र हातोडी पिशवीत टाकली आणि टोपी काढली. बाई उंबराच्या सावलीत चपला काढून बसल्या. सरांना समोरच्या चढावरून सगळ्या बेटाचा फोटो हवा होता, ते मुलींना घेऊन परत निघाले. मी त्यांना पार केलं. यमी मधल्या दगडावर घुटमळली. मी म्हटलं, जा. कारवीच्या आड ते सगळे दिसेनासे झाले तेव्हा बाई उठल्या, चपला हातात घेतल्या आणि फटीपाशी येऊन हात पुढे केला.

मी मधल्या दगडावर उभी होते. मी हात दिला नाही. पिशवीतून काकडी काढली आणि त्यांच्याकडे फेकली. त्यांनी ती झेलली, कशी कोण जाणे.

"बाई, आधी ती देवापुढे ठेवा. आणि म्हणा, माझ्या हातून झालं."

आधी त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा आवाज सुटला, तोच मेसमधला. भावाला हाक मारली, मुलींना हाका मारल्या, यमीला मारली. धबधब्यानं सगळ्या हाका गिळल्या. मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या ओरडत होत्या आणि कुणी मान खाली घालत नव्हतं.

"उद्या तुझं नाव काढून टाकते वसतिगृहातून!"

"काढा. ऑफिस पाण्याच्या पलीकडे आहे, बाई."

त्या एकट्याच पार व्हायला निघाल्या. एक पाय फटीच्या काठाला लावला, खाली पाहिलं आणि पाय मागे घेतला. मग सूर बदलला. जानकी, मी तुला मुलीसारखं वागवलं. जानकी, तुझ्या भल्यासाठीच केलं ना. मी ऐकत होते. मी म्हटलं, "चातुर्मासात तुमच्या तोंडात कुणी वांगं कोंबलं असतं तर?" ऊन कातळावरून वर सरकायला लागलं होतं. बाईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि वळल्या.

दगडापाशी जाऊन त्यांनी काकडी ठेवली. मी ओरडले, "उजव्या हातानं." त्यांनी उचलून पुन्हा ठेवली. "चपला खाली." चपला ठेवल्या. मग काहीतरी पुटपुटल्या. "मोठ्यानं, बाई. मेसमध्ये बोलता तसं." त्यांनी डोक्यावर पदर घेतला, तो मी सांगितला नव्हता, सवयीनं घेतला, आणि म्हणाल्या, "माझ्या हातून झालं." मला ऐकू आलं. वाघदेवाला आलंच असणार. मी डोळे भरून ते पाहून घेतलं, कारण असं पुन्हा दिसणार नाही हे मला कळत होतं.

मग मी हात दिला आणि त्यांना पार केलं. फटीवर त्यांचा सगळा भार माझ्या हातावर आला तेव्हा सोडावासा वाटला का, असं सुनेनं विचारलं. वाटला. पण त्या बुडाल्या असत्या तर देवापुढे ठेवलेली काकडी कुणाची ते सांगायला कोण राहिलं असतं? मी हात घट्ट धरला. वर सरांनी विचारलं, "एवढा वेळ?" बाई म्हणाल्या, "दर्शन घेत होते." मी म्हटलं, मी इथून घरी जाऊन उद्या येते. "जा," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. त्यांनी माझं नाव काढलं नाही. काढायला कारण सांगावं लागलं असतं. मी शिकून बाहेर पडेपर्यंत त्यांनी मला ना काकडीबाई म्हटलं ना जानकी. हजेरीत माझ्यापाशी आल्या की नुसत्या मान वर करायच्या.

मी धावतच घरी गेले. दिवेलागण होत होती, सगळे नुकतेच जेवायला बसले होते. मी दारात उभी राहिले आणि सांगितलं, "ठेवली. तिनं सोताच्या हातानं ठेवली." काकांनी घास खाली ठेवला.

"उजव्या हातानं?"

"उजव्या."

"बोलली?"

"बोलली. माझ्या हातनं झाला, बोलली."

"आपखुशीनं?"

इथं 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण दारात उभं राहून काकांना खोटं सांगायचं मला तेव्हाही सुचलं नाही. मी सगळं सांगितलं, फट, पाणी, हात न देणं. बाबा खाली बघत होते. काकांनी मान हलवली.

"मग ती देवाला पोचली नाय. भेवानं ठेवलेला देव घेत नाय. हांडी येगळीच ऱ्हाईल."

तोवर माझा सगळा राग बाईंवर होता. त्या शब्दासरशी तो वळला. मला आधी का दिसलं नव्हतं कोण जाणे. मला ओटीवर बाईंनी बसवलं नव्हतं. बाईंना आमची ओटी माहीतही नव्हती.

"काका, भेवानं ठेवलेला देव घेत नाय?"

"नाय."

"मग मी भेवानं खाल्लेला देवानं माझ्या नावावर कसा घेतला?"

काकांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. थोरल्या काकांना शब्द सापडत नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होते. मग आई उठली. ती ओटीवर गेली, कोपऱ्यातली ती हांडी उचलून अंगणात घेऊन गेली आणि फोडली. आत येऊन तिनं काकांच्या बरोबर समोर पान मांडलं, त्यावर नवा भात वाढला आणि म्हणाली, "बस." काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा त्यांच्याकडे न बघता सरकले आणि मला जागा दिली.

आमच्यात एक आहे. नव्या भाताच्या दिवसांत घरातला थोरला जेवायला बसला की शेवटच्या माणसाचं होईस्तोवर उठत नाही. मी सावकाश जेवले. एकेक शीत वेचून खाल्लं. बाकीच्यांचं झालं, पोरं पेंगुळली, काकांचा हात कोरडा पडला, त्यावरचं कालवण वाळलं, आणि ते तो हात तसाच गुडघ्यावर धरून माझ्यासमोर बसून राहिले. आई भाताचं भांडं घेऊन पुन्हा माझ्यापुढे आली.

"अजून घे," ती म्हणाली.

मी घेतला.